बालाघाटच्या अलीकडे

डोमाजी नगराऱ्यांच्या घरी चहा प्यायला आणि बोलणी न खाता परत आला, असा माणूस जबलपूरजवळच्या खमरियाच्या वसाहतीत शोधूनही सापडला नसता. डोमाजी दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफगोळे भरायच्या खात्यात होते. गेटवर रोज झडती व्हायची. विडी, काडीपेटी, सगळं बाहेर काढून ठेवावं लागायचं. डोमाजींचा राग मात्र कधी कुणी काढून घेतला नाही. तो त्यांच्याबरोबर आत जायचा आणि पाळी संपली की त्यांच्याच सायकलवर बसून घरी यायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी इंदू. पोरगी बापावर गेली असं सगळे म्हणत, आणि ते नाकाडोळ्यांबद्दल म्हणत नसत. दोघं एका घरात आणि मधे चंपाबाई, इंदूची आई, जिनं जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. दोघांचं भांडण पेटलं की ती चुलीपाशी बसून पीठ मळत राहायची आणि कणीक हवी त्याच्या दुप्पट मऊ व्हायची.

छप्पन साली दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. ऑक्टोबरात डोमाजी बायको-मुलीला घेऊन नागपूरला गेले, पांढऱ्या कपड्यांत त्या अफाट गर्दीत उभे राहिले आणि बौद्ध होऊन परत आले. नोव्हेंबर लागला तशी राज्यांची वाटणी झाली. कालपर्यंत नागपूर-जबलपूर एकाच राज्यात होतं, आता ते तिकडं आणि हे इकडं. चंपाबाईचं माहेर, डोमाजींची बहीण, सगळं गणगोत परराज्यात गेलं, आणि हे यांना कळलं ते कारखान्याच्या कँटीनमधल्या वर्तमानपत्रातून. माणसं कुठं राहतात, कुणाची सोयरीक कुठं आहे, हे विचारायची पद्धत सरकारात नाही. पुढंही कधी पडली नाही.

डोमाजींनी वाटणीकडं पाहिलंच नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं. कारखान्याच्या दप्तरात आपल्या नावापुढं ‘महार’ लिहिलंय, ते खोडून ‘बौद्ध’ करून घ्यायचं. साहेब हसला. डोमाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाळी संपली की त्या साहेबाच्या दारात जाऊन उभे राहायचे, आणि शेवटी साहेबानं कंटाळून खोडलं. मग डोमाजींनी क्वार्टरांच्या लाइनीतल्या एकेका माणसाला हाताला धरून नेलं. शाळा उघडली की बस्तीतली पोरं घेऊन तेच मास्तरांपुढं उभे. मास्तर म्हणायचे, “काहे को झंझट करते हो?” आणि डोमाजी म्हणायचे, “लिखो. मेरे सामने लिखो.”

झंझट पुढं आली. कायदा असा होता की धर्म सोडला म्हणजे राखीव जागाही सुटली. धर्म बदलला की जातीचा चटका लगेच थंड होतो, असं दिल्लीत बसलेल्या कुणाचं तरी मत असावं. कारखान्याच्या नळावर डोमाजींच्या मागं उभा राहणारा माणूस आपली बादली चार-चारदा विसळायचा, त्याला मात्र हा कायदा कुणी वाचून दाखवला नव्हता.

पहिला फटका पुंडलिकला बसला. पुंडलिक म्हणजे डोमाजींचा शेजारी, त्यांच्याच खात्यातला. त्याच्या थोरल्या पोराला पॉलिटेक्निकची राखीव जागा मिळत होती, फक्त ‘हिंदू’ लिहून द्यायचं होतं. पुंडलिकनं गुपचूप तसं शपथपत्र करून आणलं. डोमाजींना कळलं तसे ते त्याच्या अंगणात गेले आणि सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं बोलले. “नागपूरले काय जत्रा पाहाले गेलता काय बे? एका खुर्चीसाठी पुन्हा त्या उकिरड्यात पाय घालतो?” पुंडलिकनं तो कागद त्यांच्यासमोर फाडला. पोरगं पॉलिटेक्निकला गेलं नाही. मंडईत पोती उतरवायला लागलं. त्यानंतर पुंडलिक डोमाजींना गेटवर ‘जय भीम’ घालायचा, आणि तेवढंच.

इंदूचं नशीब वेगळं निघालं ते आत्यामुळं. आत्या नागपूरची. इंदू शिकायला आठवीपासून तिच्याकडंच राहिली, आणि तिकडं महाराष्ट्र सरकारनं बौद्धांना सवलत दिली होती. म्हणजे बघा. जबलपूरहून नैनपूरवरून जाणारी ती छोटी गाडी. त्याच गाडीत, त्याच बाकावर, तीच पोरगी. बालाघाटच्या अलीकडं तिला कुठंच जागा नाही, आणि हद्द ओलांडून गोंदियाला उतरली की आहे. इंदूला मेडिकलला राखीव जागा मिळाली. डोमाजींनी सगळ्या लाइनीला जिलबी वाटली, पुंडलिकच्या घरीही पाठवली. पुंडलिकची बायको गीताबाईनं ती घेतली आणि रिकाम्या हातानं ताट परत देऊ नये म्हणून त्यात गूळ घालून दिला.

इंदू पहिली एमबीबीएस एका दमात पास झाली, आणि त्याच हिवाळ्यात घरी आली तर चंपाबाई बसून झोपत होती. पाठीशी घडी केलेल्या गोधड्यांचा ढीग आणि त्याला टेकून ती. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा. गालांवर लाली, पायांवर सूज. इंदूनं दीड वर्ष मेलेल्या माणसांची हृदयं हातात धरून पाहिली होती. आईच्या छातीला नळी लावायचीही तिला गरज पडली नाही. लहानपणी सांधे धरून आलेला ताप, त्यानं आखडलेली हृदयाची झडप आणि आता हे. दिवसभर घरात कुणी नाही. डोमाजी पाळीवर. गीताबाई येऊन पाणी भरून द्यायची, पेज पाजायची. नवऱ्यांचा अबोला त्या दोघींनी कधी मनावर घेतला नव्हता.

“शिक्षण सोडते,” इंदू म्हणाली.

“तंगडी तोडीन,” डोमाजी म्हणाले.

मग इंदूनंच शोधून काढलं की पहिली परीक्षा झाल्यावर एका कॉलेजातून दुसऱ्यात जाता येतं. दोन्हीकडच्या प्राचार्यांची संमती हवी, आणि इकडं जागा रिकामी हवी. नागपूरची संमती ती घेऊनच आली होती. इकडच्या कॉलेजच्या कचेरीत अच्युतराव म्हणून मोठे कारकून होते, चेरीताल मोहल्ल्यातले, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं मराठी घर. बापलेक त्यांच्यापुढं जाऊन बसले.

अच्युतराव चांगला माणूस होता. हेच इंदूला पुढं आयुष्यभर खटकलं. वाईट असता तर निदान हिशेब सोपा झाला असता. त्यांनी चहा मागवला, तो सगळ्यांसारख्याच कपात. कागद वाचले आणि म्हणाले, “पोरगी हुशार आहे हो तुमची. आणि जागा आहे. एक मुलगा सोडून गेलाय, त्याची. महिनाअखेरपर्यंत भरायची आहे.”

इंदूचा श्वास मोकळा झाला.

“फक्त ती राखीव आहे,” अच्युतराव म्हणाले. “तुम्ही तिकडून राखीव जागेवरून येणार म्हणजे इथंही राखीवच लागेल. आणि आपल्या राज्यात बौद्धांना ती लागू नाही. तेव्हा एक छोटंसं शपथपत्र करून द्या, हिंदू महार म्हणून. बाकी सगळं मी बघतो.”

डोमाजींनी चहाचा कप न पिताच टेबलावर ठेवला.  

“अहो डोमाजी, सगळेच करतात,” अच्युतराव समजुतीनं म्हणाले. “घरी तुम्ही काय पुजायचं ते पुजा. कागदावर लिहिल्यानं माणूस बदलतो का?”

“नाही बदलत?” डोमाजी म्हणाले.

“छे हो.”

“मग तुमीच लिवा न.” डोमाजींनी टेबलावरचा टाक उचलून अच्युतरावांपुढं धरला. “लिवा आपल्या नावापुढं. अच्युतराव, महार. कागदच तर हाय. मी साक्षीदार म्हणून सही करतो.”

अच्युतरावांचा चेहरा उतरला. पलीकडच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला. इंदूच्या मनात त्या क्षणी जे झालं ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. बापाचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता, आणि एवढा संतापही कधी आला नव्हता. घरी गोधड्यांना टेकून बसलेली आई तिला दिसत होती. अच्युतरावांनी टाक हळूच काढून घेतला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत विचार करा. मी थांबतो.” त्या शब्दाला ते जागले, हेही सांगायला हवं.

घरी परतताना सायकल हातात धरून डोमाजी पुढं, इंदू मागं. घरापाशी आले तर दारात पुंडलिक उभा. दोन वर्षांत त्यानं त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. गीताबाईकडून त्याला सगळं कळलं होतं.

“लिवून द्या भाऊ,” पुंडलिक म्हणाला. “मी काही नाही म्हणणार. लाइनीतलं कोणी नाही म्हणणार. वैनीची हालत मी पाहून राहिलो रोज. माह्या पोराचं झालं ते झालं.”

शिवी दिली असती तर डोमाजींनी ती झेलली असती. ही माफी त्यांना झेपली नाही. “चल निकल!” ते ओरडले. “निकल इथून! तुह्या मेहरबानीवर जगतो काय मी?” पुंडलिक गेला. आतून चंपाबाईच्या खोकल्याचा आवाज येत राहिला.

तेव्हा इंदू बापापुढं उभी राहिली. “मायले विचारलं काय?”

“तिले काय विचाराचं?”

“जीव तिचा चाल्ला. तिले विचारा. ती नाही म्हणन तर मी काही नाही बोलणार.”

“ती माह्यासंगच उभी होती नागपूरले,” डोमाजी म्हणाले. “तिचं उत्तर मले मालूम हाय.”

“तुमाले सगळ्यायचं उत्तर मालूम असते!” इंदू किंचाळली. “पुंडलिककाकाच्या पोराचंही तुमीच दिलं. आता मायचंही द्या. राज्याची वाटणी करणारे न् तुमी, फरक काय हाय? तेही कोणाले विचारत नाहीत!”

डोमाजींनी हात उगारला. उगारलेला हात त्यांनी दारावर आपटला. दुसऱ्या दिवशी इंदू नागपूरच्या गाडीत बसली. निघताना आईच्या पायाशी बसली तेव्हा चंपाबाईनं तिच्या केसांतून हात फिरवला आणि फक्त म्हणाली, “वेणी सैल झाली व तुही.” इंदूनं तरी तिला विचारायला हवं होतं, पण विचारायचं काम बापाचं होतं असा तिचा हट्ट होता. हट्ट तरी कुठून आला होता?

महिना संपला. जागा दुसऱ्या कुणाला गेली. पुढच्या पावसाळ्यात इंदूला तार मिळाली. तिकडून नैनपूरमार्गे ती गाडी जशी सरकते तशीच सरकली, आणि ती खमरियाला पोचली तेव्हा घरात फक्त गोधड्या उरल्या होत्या. गीताबाईनं त्या धुऊन वाळत घातल्या होत्या. तोंडात पाण्याचा शेवटचा घोट गीताबाईनंच घातला होता. डोमाजी पाळीवर होते.

इंदू डॉक्टर झाली. आपल्या हट्टानं जबलपूरकडं परत आली, पनागरला दवाखाना टाकला. मटाराच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांत राबणाऱ्या बाया तिच्याकडं येत, आणि बसून झोपणारी कुणी आली की ही डॉक्टर दीदी त्या बाईच्या नवऱ्याला असं काही फैलावर घ्यायची की तो दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन मोठ्या इस्पितळाच्या दारात हजर. चिडकी डॉक्टरीण म्हणून तिचं नाव झालं. रोगी कमी झाले नाहीत.

दर रविवारी ती पनागरहून बसनं बापाकडं यायची. डोमाजी निवृत्त झाले होते, वसाहतीबाहेर दोन खोल्या बांधून एकटे राहत होते. ती यायची, त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची, चढलेला असायचा, आणि भांडायला लागायची. भांडण मिठापासून सुरू व्हायचं, विडीवर जायचं, आणि फिरून फिरून एकाच वाक्यावर यायचं. “मायले तरी विचारलं असतं.” डोमाजींचंही उत्तर ठरलेलं होतं. “ती माह्यासंगच उभी होती नागपूरले.” इतकी वर्षं हे चाललं. शेजारच्यांना ते तोंडपाठ झालं होतं.

मग नव्वद साल उजाडलं आणि दिल्लीत कायदा बदलला. आता बौद्ध लिहा आणि राखीव जागाही घ्या. ज्या शब्दासाठी एवढी वर्षं माणसं अडवली, तो शब्द एका सहीनं चालायला लागला. तेव्हा का चालत नव्हता आणि आता का चालतो, याचा खुलासा कुणी केला नाही. जी पोरं पोती उचलण्यात म्हातारी झाली त्यांची माफी मागायला कुणी आलं नाही.

त्या रविवारी इंदू बापाच्या दंडाला पट्टा बांधत होती तेव्हा पुंडलिककाका काठी टेकत आले. हातात पेढ्यांचा डबा होता. चेहरा नुसता फुललेला.

“मुँह मीठा करो भाऊ!” ते म्हणाले. “तुमी जिंकले. तुमचंच खरं झालं. मी पोरायले सांगून राहिलो, डोमाजीभाऊ तवाच म्हणत होते.”

डोमाजींनी डब्याला असा फटका मारला की पेढे अंगणात गेले. “काय जिंकलो? काय जिंकलो बे मी? जा, चंपाले खाऊ घाल पेढा!”

पुंडलिककाका वाकून पेढे गोळा करायला लागले. इंदूच्या हातातला पट्टा सुटला. तिचं डोकं फिरलं. आईचं नाव या माणसाच्या तोंडून तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि आता घेतलं तेही दुसऱ्यावर ओरडायला.

“तिचं नाव घेऊ नका,” ती म्हणाली. “तिले विचारलं तरी होतं काय तुमी?”

ठरलेलं उत्तर आलं नाही. डोमाजी अंगणाकडं पाहत होते.

“विचारलं होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“तू गेली त्याच दिवशी विचारलं. ती म्हणे, लिवून द्या. म्हणे, मले पोरीले डोळे भरून पाहू द्या.”

पुंडलिककाकांचा हात पेढ्यावरच थांबला.

“मी चप्पल घातली,” डोमाजी म्हणाले. “चेरीतालले निघालो, अच्युतरावच्या घरी. मंडईतून जाऊन राहिलो होतो. पनागरचा मटार उतरून राहिला होता. याचं पोट्टं पाठीवर पोतं घेऊन समोरून आलं. मले पाहून थांबलं. पाठीवर पोतं तसंच, अन् मले म्हणे, जय भीम काकाजी. मग मी कसा जाऊ इंदू? त्याच्यासमोरून कसा जाऊ? फिरलो मागं.”

“अन् मायले काय सांगितलं?”

“सांगितलं, जागा भरली म्हणून.”

इंदू उभी राहिली. तिला वाटलं आपण ओरडू, पण आवाज अगदी साधा निघाला. “कागदावर एक खोटा शब्द नाही लिवला तुमी,” ती म्हणाली. “अन् मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले.”

“हो.”

“अन् इतके वर्षं मले बोलू दिलं, का विचारलं नाही म्हणून. हे काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू आली असती काय?” डोमाजी म्हणाले. “भांडाले का होईना, येत तर होती.”

इंदूनं मशीन पिशवीत घातलं आणि निघाली. फाटकापाशी पुंडलिककाका तिला काहीतरी म्हणाले, तिनं ऐकलं नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “दीदी, तबियत ठीक है?” तर तिच्यावरच खेकसली. बाई बिचारी तिचीच रोगी होती.

पुढच्या रविवारी ती आली नाही. डोमाजी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, फाटकाशी खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी पुंडलिककाकांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. त्यापुढच्या रविवारी बस थांबली आणि इंदू उतरली. तिनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा पाहिला.

“झोपताना किती उशा घेता?” तिनं विचारलं.

“दोन.”

“आधी एक घेत होते. काहून नाही सांगितलं?” तिचा आवाज चढला. “विडी बंद म्हटलं होतं न? मीठ बंद म्हटलं होतं न?” ती मिठावरून विडीवर गेली, विडीवरून सगळ्या आयुष्यावर गेली, शेजारचे दारात आले, आणि नेहमीच्या वाक्यापाशी येऊन ती अडली. ते वाक्य आता तिच्याजवळ उरलं नव्हतं. तिनं पट्टा सोडवला.

“जागा भरली म्हणून तुमी सांगितलं,” ती म्हणाली. “तवा ती काय म्हणाली?”

डोमाजींनी दंड चोळला.

“अच्छा म्हणाली,” ते म्हणाले.